एमबीएचा विषय पहिल्यांदा शिकवायला घेताना: आखणीपासून निकालापर्यंत

नागपुरात व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था एका साच्यातल्या नाहीत. मिहानमधलं आयआयएम, काटोल रोडवरचं आयएमटी, वाठोड्याचं सिम्बायोसिस, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं, सगळीकडे गुणांचं गणित वेगळं. नव्या शिक्षकाची चूक मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते: तो आधी पीपीटी करतो आणि परीक्षेचा विचार शेवटी. विद्यार्थी उलट्या बाजूने वाचतो. कोर्स आउटलाइन हातात पडली की त्याची नजर थेट गुणांच्या तक्त्यावर जाते आणि पुढचे चार महिने तो तिथे लिहिलंय तेवढंच करतो. म्हणून इथली सगळी मांडणी मूल्यमापनापासून सुरू होते आणि तिथून मागे, शिकवण्याकडे येते.

लेख मुख्यतः नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतून किंवा स्वतःची सीएची प्रॅक्टिस सांभाळून शिकवायला येणाऱ्या व्हिजिटिंग फॅकल्टीसाठी आहे. विद्यार्थ्यांनी वाचला तरी हरकत नाही. गुण कुठे जातात ते कळेल.

आधी नियम हातात घ्या

संलग्न कॉलेजात शिकवत असाल तर चालू वर्षाला लागू असलेलं विद्यापीठाचं डायरेक्शन (परीक्षा आणि गुणांच्या नियमांचा लेखी आदेश) परीक्षा विभागाकडून मागून घ्या. 'मागच्या सरांनी असंच केलं होतं' यावर जाऊ नका. अभ्यासक्रम बदलला की डायरेक्शनही बदलतं. त्यात पुढच्या गोष्टी शोधा: अंतर्गत आणि विद्यापीठ परीक्षेच्या गुणांची वाटणी काय (७०-३० आणि ८०-२० या दोन्ही वाटण्या प्रचलित आहेत), दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं की एकत्र, अंतर्गत गुणांचे पोटभाग ठरवून दिलेत की शिक्षकावर सोडलेत, आणि ते गुण भरायची शेवटची तारीख कोणती. ही तारीख चुकली की विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर रकाना रिकामा येतो आणि तो दुरुस्त करून घेताना विद्यापीठाच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागतात.

स्वायत्त संस्थेत किंवा पीजीडीएमला (विद्यापीठाची पदवी नव्हे, संस्थेचीच व्यवस्थापन पदविका) परीक्षा संस्थाच घेते, त्यामुळे मोकळीक जास्त. पण तासांचा हिशेब वेगळा असतो. विद्यापीठाच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं अध्यापन, म्हणजे तीन क्रेडिटच्या विषयाला ४५ तास. पीजीडीएमला बऱ्याच ठिकाणी ७५ किंवा ९० मिनिटांची २० सत्रं असतात, म्हणजे २५ ते ३० तास. इथली आउटलाइन तिथे तशीच उचलली तर एकीकडे विषय उरतो आणि दुसरीकडे तास.

गुणांचा तक्ता

तक्ता करण्यापूर्वी चार-पाच वाक्यांत लिहा की विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे. याला कोर्स आउटकम म्हणतात. एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकनासाठी ते कागदावर लागतातच, पण कागदापुरते ठेवू नका. 'मार्केटिंगची समज येईल' हे मोजता येत नाही. 'दिलेल्या आकड्यांवरून एखाद्या वितरण-मार्गाचा नफा काढून तो घ्यावा की नाही हे सकारण सांगता येईल' हे मोजता येतं. क्रियापद असं हवं की त्यावर प्रश्न काढता येईल.

मग प्रत्येक आउटकमसमोर तो कशाने तपासणार ते लिहा. शंभर गुणांच्या विषयासाठी चालणारी एक वाटणी अशी: वर्गातला सहभाग १५, क्विझ १० (तीन घ्यायच्या, त्यातल्या चांगल्या दोन धरायच्या), गट प्रकल्प २०, मध्यसत्र परीक्षा २०, अंतिम परीक्षा ३५. या आकड्यांमागे कारणं आहेत. गटाने मिळवायचे गुण एकूण २५च्या वर गेले की न काम करणाराही पास होतो. पाच गुणांपेक्षा लहान घटकाला विद्यार्थी गांभीर्याने घेत नाहीत, तुमचं तपासणीचं काम मात्र तेवढंच राहतं. अंतिम परीक्षा ५०च्या वर नेली की सगळा अभ्यास शेवटच्या आठ दिवसांत होतो. संलग्न कॉलेजात हे टाळणं तुमच्या हातात नाही, म्हणून तिथे अंतर्गत गुणांची तारीखवार विभागणी जास्त कडक हवी.

तारखा पहिल्याच दिवशी द्या. गणपती, पोळा, दिवाळी आणि कॉलेजचं गॅदरिंग कॅलेंडरवर बघून द्या. दर सत्रात एकदा तरी तीन शिक्षकांच्या डेडलाइन एकाच शुक्रवारी येतात. इतर विषयांच्या शिक्षकांशी पंधरा मिनिटं बसलात तर हे टळतं.

केसचा तास: इथेच खरं शिकवणं होतं

आयआयएम अहमदाबाद १९६१ मध्ये उभं राहिलं तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचं सहकार्य होतं आणि केस पद्धत, म्हणजे एखाद्या धंद्यातला प्रसंग वाचून वर्गात त्यावर निर्णय घ्यायचा, तिथून आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या आयआयएम नागपूरला अहमदाबादचंच मार्गदर्शन होतं. आज जवळपास प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात 'केस मेथड' हा शब्द असतो. वर्गात मात्र बऱ्याचदा केस वाचून दाखवली जाते, शिक्षक उत्तर सांगतो आणि मुलं ते उतरवून घेतात. याला केस पद्धत म्हणत नाहीत.

केस निवडताना एकच कसोटी लावा: दोन शहाणी माणसं त्यावर दोन वेगळे निर्णय घेऊ शकतील का? उत्तर उघड असेल तर ते उदाहरण झालं, केस नाही. परदेशी प्रकाशकांच्या केस विद्यार्थ्यागणिक विकत घ्याव्या लागतात. एक प्रत घेऊन साठ झेरॉक्स काढणं त्यांच्या परवान्याच्या अटींत बसत नाही. खर्चाची मंजुरी सत्र सुरू होण्याआधी घ्या. आणि पहिल्या दोन आठवड्यांत वीस पानी केस देऊच नका. स्वतः दीड-दोन पानांची लिहा, आकडे आपल्या गावातले वाटतील असे ठेवा.

उदाहरण म्हणून ही कल्पित केस घ्या. सीताबर्डीवर एक मिठाईचं दुकान. संत्रा बर्फी ४८० रुपये किलो. खवा, संत्र्याचा गर, साखर, डबा मिळून बदलता खर्च किलोमागे ३१० रुपये. भाडं, पगार, वीज असा ठरलेला खर्च महिन्याला १,३६,००० रुपये. काउंटरवर महिन्याला ९५० किलो जातात. एक डिलिव्हरी अ‍ॅप म्हणतं, आम्ही महिन्याला ३०० किलो विकून देऊ, कमिशन विक्री किमतीच्या २४ टक्के. वेगळ्या पॅकिंगचा किलोमागे १५ रुपये खर्च दुकानाचा. जीएसटी बाजूला ठेवा. मालकाने हो म्हणावं का?

तासात काय घडतं ते बघा. पहिला हात वर करणारा सांगतो, किलोमागे १७० रुपये सुटतात, ३०० किलोंचे ५१,००० मिळतील, घ्यावं. फळ्यावर लिहा, खोडू नका. दुसरी विद्यार्थिनी कमिशन आठवून देते: ४८० चे २४ टक्के म्हणजे ११५.२०, वर पॅकिंगचे १५, म्हणजे अ‍ॅपवरच्या किलोमागे ३९.८० रुपयेच उरतात आणि ३०० किलोंचे ११,९४०. आता वर्गाला वाटतं उत्तर सापडलं. इथे शिक्षकाने फक्त एक प्रश्न विचारायचा: 'हे ३०० किलो कोण घेणार?' मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, धरमपेठेतलं जे गिऱ्हाईक रविवारी दुकानात यायचं तेच घरून मागवेल. मग हिशेब बदलतो. काउंटरवरून गेलेल्या प्रत्येक किलोमागे १७० रुपये बुडतात. ११,९४० ला १७० ने भागा: साधारण ७० किलो. म्हणजे अ‍ॅपवरच्या ३०० पैकी सत्तरच्या वर किलो जुनेच गिऱ्हाईक घेत असतील तर दुकान तोट्यात. आता प्रश्न हिशेबाचा उरत नाही. तो अंदाज कसा घ्यायचा, अ‍ॅपवर फक्त लांबच्या वस्त्यांत विक्री ठेवता येईल का, अ‍ॅपवर दर वेगळा ठेवावा का, यावर चर्चा जाते. समतोल बिंदू, म्हणजे ना नफा ना तोटा अशी विक्री, ८०० किलो (१,३६,००० भागिले १७०) काढून बसणाऱ्यांना तो बरोबर असूनही या निर्णयात फारसा कामाचा नाही, हेही तिथेच उमगतं.

७५ मिनिटांची वाटणी साधारण अशी ठेवा. सुरुवातीची ५ मिनिटं हात वर करून मत घ्यायला: घ्यावं की नाही. आकडा फळ्याच्या कोपऱ्यात. पुढची १५ परिस्थिती समजून घ्यायला, ३० आकडेमोड आणि पर्यायांना, १५ निर्णय आणि अंमलबजावणीला. शेवटची १० पुन्हा मत घ्यायला आणि ज्यांनी मत बदललं त्यांच्यापैकी दोघांना कारण विचारायला. फळ्याचे तीन भाग आधीच ठरवा: डावीकडे वस्तुस्थिती, मधे आकडे, उजवीकडे पर्याय. घरी कागदावर पूर्ण भरलेला फळा काढून बघा. चर्चा भरकटली की कुठे ओढायची ते त्यावरून कळतं.

तास बिघडतो तो ठरावीक ठिकाणी. शिक्षकाला शांतता सहन होत नाही आणि प्रश्न विचारून दोन सेकंदांत तोच उत्तर देतो. मनात दहापर्यंत मोजा. सहसा सातव्या-आठव्याला कुणीतरी बोलतं. दुसरं, प्रत्येक उत्तरानंतर 'व्हेरी गुड' म्हटलं की वर्गाला बरोबर-चूक कळून जातं आणि चर्चा मरते. त्याऐवजी 'कशावरून?' विचारा. आणि प्रत्यक्ष कंपनीची केस असेल तर पुढे खरं काय घडलं हे शेवटच्या मिनिटापर्यंत सांगू नका.

केस न वाचता वर्गात येणारे असतातच. उपाय जुनाच आहे: पहिला प्रश्न हात वर करणाऱ्याला नाही, यादीतल्या कुणालाही. पहिल्या तीन सत्रांत हे केलं नाही तर चौथ्यात अचानक करता येत नाही, मुलांना ते सूड घेतल्यासारखं वाटतं.

सहभागाला गुण कसे द्यायचे

हार्वर्डमध्ये कित्येक विषयांत निम्मे गुण वर्गातल्या बोलण्याला असतात. आपल्याकडे ते आंधळेपणाने उचलू नये. कारण साध्या गुणाकारात आहे. साठ जणांचा वर्ग, २० सत्रांपैकी १४ केसची, एका सत्रात २० जण बोलले तरी एकूण २८० संधी. प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार. चार-पाच वाक्यांवर ५० गुण ठरवणं अन्याय आहे. म्हणून १५ ठेवा, आणि त्यातले ५ तासाआधी लिहून आणायच्या अर्ध्या पानाच्या टिपणाला द्या: माझा निर्णय, त्यामागचा एक आकडा, एक शंका. हाताने लिहिलेलं, दारातच गोळा करायचं.

उरलेल्या १० गुणांसाठी ०-१-२-३ ही मोजपट्टी पुरते. केसमध्ये छापलेलं तेच परत सांगितलं तर १. आकडा किंवा कारण जोडलं तर २. आधीच्या माणसाचा मुद्दा पुढे नेला किंवा उलटवला, जसं वरच्या केसमध्ये 'जुनंच गिऱ्हाईक' म्हणणाऱ्याने केलं, तर ३. पूर्ण सेमिस्टरमधले सर्वांत चांगले चार धरा. १२ पैकी जे येतील त्याचे १० मध्ये रूपांतर करा. हजेरीचे गुण यात मिसळू नका. ७५ टक्के हजेरी ही परीक्षेला बसायची अट आहे, ती वेगळी राहू द्या.

नोंद तास संपल्यावर दहा मिनिटांत करायची. संध्याकाळी आठवतात ते फक्त मोठ्याने बोलणारे. बसायच्या जागा ठरवून द्या, समोर नावाच्या पाट्या ठेवायला लावा, आसनांचा नकाशा छापून त्यावरच आकडे टाका. पाचव्या आणि दहाव्या सत्रानंतर प्रत्येकाला त्याचे गुण दाखवा. शेवटी एकदम दाखवले तर भांडण होतं, आणि त्याचंही बरोबर असतं.

भाषेचा प्रश्न नागपुरात टाळता येत नाही. वर्गात गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळहून मराठी किंवा हिंदी माध्यमात शिकून आलेली मुलं असतात आणि शेजारी कॉन्व्हेंटची. इंग्रजी सफाईदार असलेला रिकामं बोलूनही दोन गुण नेतो. ज्याला कळमन्यात अडत्याचा व्यवहार घरातून माहीत आहे तो गप्प बसतो. नियमच करून टाका: पहिल्या पाच सत्रांत मुद्दा मराठी-हिंदीत मांडला तरी गुण तेच, फळ्यावर इंग्रजी वाक्य शिक्षक लिहील. सहाव्यापासून सुरुवात इंग्रजीत, अडलं तर आपल्या भाषेत. शेवटची परीक्षा आणि प्लेसमेंटची मुलाखत इंग्रजीत आहे हे विसरून चालत नाही, पण विचार करायची सवय आधी लागू द्या. हे आउटलाइनमध्ये लेखी असू द्या, नाहीतर कुणी ना कुणी तक्रार करतंच.

खेळातून शिकवणं

ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेन शिकवत असाल तर एमआयटीमध्ये १९६०च्या दशकात तयार झालेला बिअर गेम एकदा तरी घ्या. पट आणि चकत्या पुरतात, संगणक लागत नाही. एका ओळीत चार भूमिका: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या. मागणीचा कागद आणि माल दोन्ही उशिरा पोचतात. पहिले चार आठवडे ग्राहक ४ पेट्या मागतो, पाचव्यापासून ८, आणि शेवटपर्यंत आठच. पडून राहिलेल्या पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर, देता न आलेल्या पेटीमागे एक. डॉलरऐवजी रुपये धरा. एकमेकांशी बोलायला बंदी. ग्राहकाची मागणी एकदाच वाढते, तरी कारखान्यापर्यंत जाताजाता ऑर्डर कितीतरी पट फुगते. ५० आठवडे खेळायचे असं जाहीर करा आणि ३६च्या आसपास थांबवा, नाहीतर शेवट जवळ आला म्हणून सगळे ऑर्डर आवरतात आणि आलेख बिघडतो.

नियम समजावण्यापासून आलेख लावण्यापर्यंत अडीच-तीन तास धरा. सर्वांत कमी खर्चाच्या चमूला टाळ्या द्या, गुण देऊ नका. गुण खेळाच्या निकालावर ठेवले की मुलं इशाऱ्यांनी बोलतात आणि शिकायचं ते राहून जातं. गुण दुसऱ्या दिवशीच्या एका पानाला: तुमचा आलेख, सर्वांत मोठी ऑर्डर कोणत्या आठवड्यात दिली आणि त्या क्षणी काय दिसत होतं.

गट प्रकल्प आणि आयतोबा

पाच जणांचा गट ठेवा, यादी तुम्ही करा. स्वतः निवडायला सांगितलं की हॉस्टेलची एक खोली म्हणजे एक गट होतो. विषय असा द्या की बाहेर पडावंच लागेल: गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्याची उधारी किती दिवसांची, इतवारीत किराण्याचा घाऊक दर दिवसात कितीदा बदलतो, कळमन्यात संत्र्याचा भाव कसा ठरतो. संत्र्याचा विषय असेल तर हंगाम बघा: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. जुलैत पाठवलं तर बाजार रिकामा असतो. आणि दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत कुठलाही व्यापारी विद्यार्थ्याशी बोलायला थांबत नाही.

चार टप्पे द्या, प्रत्येकाला तारीख आणि गुण: एक पानी प्रस्ताव ३, क्षेत्रभेटीच्या नोंदी ५ (तारीख, वेळ, कोणत्या प्रकारच्या व्यापाऱ्याशी बोललो, काय सांगितलं), अहवाल ७, तोंडी परीक्षा ५. अहवालाला १२ पानांची मर्यादा. सगळे २० शेवटच्या सादरीकरणावर ठेवले की एक जण पीपीटी करतो, एक प्रिंट काढतो आणि तिघे टाय बांधून उभे राहतात.

गटातल्या प्रत्येकाचं योगदान असं काढा. प्रत्येकाने स्वतःला वगळून उरलेल्या चौघांत १०० गुण वाटायचे, गुप्त कागदावर. सगळ्यांनी सारखं काम केलं तर प्रत्येकाला चौघांकडून २५-२५ असे १०० मिळतात. मिळालेले गुण भागिले १०० हा त्याचा गुणक. गटाला २० पैकी १६ मिळाले आणि एकाला सोबत्यांनी १५, २०, १० आणि १५ असे ६० दिले तर गुणक ०.६. पण थेट तो लावू नका, खाली ०.७५ आणि वर १.१० अशी हद्द ठेवा. म्हणजे त्याला १२, आणि १२५ मिळवणाऱ्याला १७.६. हद्द का? कारण कधी चौघे मिळून एकाला वाळीत टाकतात. तोंडी परीक्षेतही तो कोरा निघाला तरच ०.७५च्या खाली जा.

मुलं आपसात ठरवून सगळ्यांना २५ देतात. यावर दोन गोष्टी चालतात: कागद वर्गात, वेगवेगळं बसवून भरून घ्या, आणि प्रत्येक नावापुढे 'याने नेमकं केलेलं एक काम' लिहायला लावा. ज्याच्यापुढे चारही कागदांवर 'सपोर्ट केला' लिहिलंय तो तोंडी परीक्षेला आधी बोलवा. तोंडी परीक्षेत दुसऱ्याने लिहिलेल्या भागावर प्रश्न विचारा, माणशी दोन मिनिटं.

प्रश्नपत्रिका काढणं आणि तपासणं

आधी आराखडा: कोणत्या आउटकमला किती गुण. व्याख्या-संकल्पना २० टक्क्यांच्या आत, वापरून दाखवणं आणि विश्लेषण ५०-६०, उरलेलं निर्णयाला. 'लघुटिपा लिहा' हा प्रश्न काढायला सोपा आणि तपासायला सर्वांत कठीण. त्यावर दोन परीक्षकांचे गुण कधी जुळत नाहीत. पेपरमध्ये केस असेल तर दोन छापील पानांच्या आत. पेपर स्वतः हाताने लिहून सोडवा. तुम्हाला तासाभराच्या फार वर लागला तर तीन तासांत विद्यार्थ्याला पुरणार नाही. हेच करताना चुकलेला आकडा, सुटलेली अट सापडते. परीक्षा हॉलमध्ये सापडली तर प्रत्येक खोलीत जाऊन सांगत फिरावं लागतं.

आदर्श उत्तर पेपरसोबतच लिहा, गुणांसकट. बर्फीचा प्रश्न १० गुणांना असेल तर: काउंटरचं योगदान (बदलता खर्च वजा जाऊन किलोमागे सुटणारे पैसे) १७० काढणं २, अ‍ॅपचं ३९.८० काढणं २, सत्तर किलोंची मर्यादा २, त्यावर उभा असलेला निर्णय २, निर्णय कधी बदलेल ती अट २. आता एकाने कमिशन विक्री किमतीऐवजी खर्चावर काढलं: ३१० चे २४ टक्के ७४.४०, योगदान ८०.६० आणि मर्यादा १४२ किलो. चूक एकच आहे. दुसऱ्या पायरीचे दोन गुण जातील. पुढची रीत बरोबर असेल तर तिसऱ्या पायरीचे पूर्ण द्या. त्याच चुकीला तीनदा कापणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे, ती सोडावी.

तपासताना एकेक पेपर पूर्ण संपवू नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. नावाचं पान दुमडून ठेवा. सुरुवातीचे दहा पेन्सिलने तपासा, मग त्यांच्याकडे परत या. हात हळूहळू सैल होतो किंवा आवळतो, ते तिथेच दिसतं. मध्यसत्राचे पेपर दहा दिवसांत परत करा. महिन्याने मिळालेल्या शेऱ्याचा उपयोग नसतो.

घरून लिहून आणायचं काम आणि चॅटजीपीटी

बंदी घालून उपयोग नाही, आणि ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून शिक्षा तर मुळीच देऊ नका. ती चुकतात, आणि मेहनतीने बेतशीर इंग्रजी लिहिणारा मुलगा नाहक अडकतो. कामाची रचनाच बदला. स्वतः गोळा केलेली माहिती लागेल असं काम द्या, कशासाठी कोणतं साधन वापरलं ते शेवटी चार ओळींत लिहायला लावा आणि पाच मिनिटं समोर बसवून दोन प्रश्न विचारा. स्वतःच्याच अहवालातला तक्ता समजावता आला नाही तर गुण त्यावर जातील, हे आधी सांगा.

उचलेगिरी वेगळी. प्रबंधांसाठी यूजीसीचे २०१८चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द. टक्केवारी बघून लगेच निकाल लावू नका. संदर्भसूची आणि प्रश्नावली मोजल्या गेल्या की आकडा फुगतो.

उन्हाळी इंटर्नशिप

सहा ते आठ आठवडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राच्या मधे. नेहमीची रड म्हणजे साठ पानी अहवाल, त्यातली चाळीस कंपनीची माहिती आणि नमुना '१०० ग्राहक' जे कधी भेटलेच नाहीत. कंपनी-परिचयाला तीन पानं द्या, भरलेल्या प्रश्नावल्यांचा मूळ गठ्ठा मागा, दुसऱ्या आठवड्यात कंपनीतल्या वरिष्ठाला स्वतः फोन करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विषय बदलायची वेळ असते, सातव्यात नसते.

ग्रेड आणि नंतरचं

यूजीसीच्या दहा बिंदूंच्या पट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरची ग्रेडची सरासरी, क्रेडिटच्या भाराने निघतो. ४, ४, ३ आणि २ क्रेडिटच्या विषयांत ए, बी प्लस, ओ आणि बी मिळाले तर ३२ अधिक २८ अधिक ३० अधिक १२, म्हणजे १०२. भागिले १३, म्हणजे ७.८५. दोन क्रेडिटच्या विषयात घासून फार फरक पडत नाही, हे विद्यार्थ्यांना लवकर कळतं. तुमचा विषय तो असेल तर मनाची तयारी ठेवा.

सापेक्ष ग्रेडिंग (वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड) असेल तर गुण उतरत्या क्रमाने लावा आणि रेघ मोकळ्या जागेत ओढा. ७१.५ आणि ७१ यांच्या मधे रेघ आली की दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर रांग लागते. ७१ आणि ६८ च्या मधे आली तर लागत नाही. वर्ग वीस-पंचवीसचा असेल तर सापेक्ष पद्धत वापरूच नये, एवढ्याशा संख्येत वक्ररेषा निघत नाही.

आउटकम किती साधला तेही याच वेळी काढून टाका. समजा, तिसऱ्या आउटकमचा प्रश्न १० गुणांचा आणि लक्ष्य ६० टक्के. साठांपैकी ३९ जणांना सहा किंवा जास्त मिळाले, म्हणजे ६५ टक्के विद्यार्थी. संस्थेने ६०, ७०, ८० अशा पायऱ्या ठरवल्या असतील तर पातळी १. हा आकडा मानांकनाच्या फायलीत जातो, पण त्याच्या शेजारी एक ओळ लिहा: उरलेले २१ नेमक्या कुठल्या पायरीवर अडले. पुढच्या वर्षी त्या पायरीला अर्धा तास जास्त ठेवायचा आहे. कोर्स फाइलमध्ये आउटलाइन, प्रश्नपत्रिका, आदर्श उत्तरं, सहभागाचे नकाशे आणि चांगला, मध्यम, कच्चा अशा तीन उत्तरपत्रिकांच्या प्रती लावा. फेरतपासणीचे अर्ज येतील तेव्हा हीच फाइल उघडावी लागते.